चार डबे, पाच पाईप आणि एक हिवाळा

लटाकिया नावाचं धुरी दिलेलं पान असलेल्या पाईपच्या तंबाखूचा डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा वास एकदम ओळखीचा वाटला पण कुठला ते चटकन आठवेना. भाचा समोर बसलेला, म्हणे मामा, सगळे सांगतात शेकोटीसारखा वास येतो. मी परत नाक खाली नेलं आणि मग लक्षात आलं, अरे हा तर भरताच्या शेतातला वास आहे. वांग्याचा नाही, धुराचा. यावलकडे थंडीत पऱ्हाट्या पेटवून त्यावर बामणोदची वांगी टाकतात ना, साल काळी पडून फुटते, रस निखाऱ्यावर गळून चर्र होतं आणि त्या वेळी जो धूर अंगावर येतो, दुसऱ्या दिवशी स्वेटरला राहतो, तो. त्यात थोडं चामडं, थोडं डांबर.

माझे वडील रेल्वेत होते, भुसावळला. क्वार्टरच्या मागच्या लाईनीत एक रिटायर्ड अँग्लो-इंडियन ड्रायव्हर अंकल राहायचे, संध्याकाळी व्हरांड्यात पाईप ओढत बसायचे, पाईप नावाची गोष्ट डोक्यात बसली ती तिथून. मी स्वतः सुरू केला पस्तिशी उलटल्यावर. पहिली काही वर्षं इथे मिळते ती गोड तंबाखूच, व्हॅनिला, चेरी वगैरे वास लावलेली. डबा उघडला की बेकरीचा वास, ओढताना मात्र नुसतं गरम पाणी. मग एका मित्राकडून चिमूटभर इंग्लिश मिक्श्चर मिळालं आणि त्यानंतर गोड तंबाखू ओढावीशीच वाटली नाही.

आधीच सांगून ठेवतो, ही तंबाखू आहे आणि तंबाखू निरुपद्रवी नसते. धूर छातीत न घेता तोंडातच फिरवून सोडला तरी तोंड आणि घसा आपलाच असतो, आणि आपल्या भागात तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट ओळखीत नाही असं घर सापडायचं नाही. म्हणून माझं वर्षानुवर्षं ठरलेलं आहे, शनिवारी एक आणि रविवारी एक, बास. जे ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करावं असं मला अजिबात वाटत नाही. पण जे ओढतात त्यांना नेमकं काय ओढतोय ते कळावं असं मात्र मनापासून वाटतं, त्यासाठीच हे लिहितोय.

तर इंग्लिश मिक्श्चर म्हणजे तीन पानांचा खेळ. व्हर्जिनिया, ओरिएंटल आणि लटाकिया. व्हर्जिनिया ही भट्टीत गरम हवेवर सुकवलेली, साखर भरपूर, गोडवा आणि जाळ दोन्ही तिचेच. ओरिएंटल म्हणजे तुर्कस्तान, ग्रीस, बल्गेरिया, मॅसेडोनिया त्या पट्ट्यात होणारी छोटी छोटी पानं, माळा करून उन्हात वाळवतात, आणि गावाच्या, भागाच्या नावाने ओळखतात, इझमिर, सामसून, झांथी अशी. लटाकिया ही मुळात त्याच जातकुळीतली, पण वाळल्यावर तिला सुगंधी लाकडांच्या आणि झुडपांच्या धुरात ठेवतात, पार काळी होईपर्यंत. नाव सीरियातल्या लटाकिया बंदरावरून पडलं, पण आज जवळजवळ सगळ्या डब्यांत असते ती सायप्रसवाली. असं सांगतात की एका वर्षी पीक जास्त झालं, विकलं गेलं नाही, लोकांनी पानं घरातच आढ्याला टांगून ठेवली, हिवाळाभर चुलीचा धूर लागला आणि नंतर बघतात तर हा वास. खरंखोटं तिथल्या लोकांना माहीत, पण मला ही गोष्ट पटते कारण सातपुड्यातल्या पाड्यांवर बियाण्याची मक्याची कणसं अजून चुलीच्या वर टांगलेली असतात, धूर लागला की कीड लागत नाही म्हणून. ती कणसं हातात घेतली तर वास जवळपास हाच.

माझा प्रश्न साधा होता. डब्यांवर नावं वेगळी, चित्रं वेगळी, आणि आत बघावं तर तीच तीन पानं. मग चव खरंच वेगळी असते का आपण चित्र बघून वेगळी समजतो? आणि असेल वेगळी तर ती कोणत्या पानामुळे? माझी समजूत होती की लटाकिया जास्त तर तंबाखू तगडी, कमी तर हलकी, एवढाच हिशोब.

२०२२ च्या दिवाळीला भाचा आणि सूनबाई लंडनहून यायचे होते, त्याला आधीच सांगून ठेवलं. विमानातून येताना माणशी १२५ ग्रॅम तंबाखू ड्युटी न भरता आणता येते, दोघांची मिळून २५०. मी वहीत हिशोब मांडला. ५० ग्रॅमचे चार डबे म्हणजे २००, उरलेल्या ५० मध्ये २५ ग्रॅम नुसती लटाकिया आणि २५ ग्रॅम नुसती इझमिर, दुकानात सुटी मिळते ती. बरोबर २५०. डबे ठरवले ते मुद्दाम सारखे सारखे, स्क्वॉड्रन लीडर आणि स्किफ मिक्श्चर हे दोन सॅम्युअल गॅविथचे, इंग्लंडातल्या केंडल गावची १७९२ पासूनची पेढी, आणि अर्ली मॉर्निंग पाईप आणि नाईटकॅप हे दोन पीटरसनचे, जे आधी डनहिलच्या नावाने यायचे. डनहिलने २०१८ मध्ये पाईपची तंबाखू बंद केली, मग ही मिक्श्चरं त्याच नावांनी पीटरसनच्या डब्यात आली. आणि भाच्याला म्हणलं पाच पाईप आण, मक्याच्या कणसाचे, साधे.

हे पाईप बघून घरात सगळ्यांना नवल. अमेरिकेत मिसूरीत करतात, दाणे काढलेलं कणीस आतून कोरून त्याला नळी बसवतात. आपल्याकडे ते कणीस चुलीत जातं. मला ते हवे होते कारण लटाकिया पाईपमध्ये मुरते. एकदा ब्रायरच्या लाकडी पाईपमध्ये लटाकिया ओढली की पुढचे कित्येक बाऊल, म्हणजे पाईपची तंबाखू भरायची वाटी जितक्या वेळा भराल तितके, तिचाच वास मारतात, मग दुसरं काय ओढतोय ते कळणार कसं. म्हणून एका मिक्श्चरला एक पाईप, नळीला रंगीत दोरा बांधला, आणि पाचवा मोकळा ठेवला.

आता चूक सांगतो, कारण ती केल्याशिवाय पुढचं जमलं नसतं. दिवाळी पाडव्याला सगळी मंडळी गच्चीवर, मी उत्साहात, आणि मी एकाच संध्याकाळी तीन बाऊल ओढले, एकामागे एक. गॅविथच्या दोन्ही तंबाखू डब्यातूनच चांगल्या ओलसर येतात, त्यांची ती रीतच आहे, वाळवून मग भरायच्या असतात, मला माहीत होतं तरी धीर धरवला नाही. ओली तंबाखू पेटत नाही, पेटत नाही म्हणून मी जोरात ओढतोय, जोरात ओढलं की वाफ होते, वाफेने जीभ भाजते. तिसऱ्या बाऊलला जिभेचं टोक मिरची चोळल्यासारखं झालं. वहीत लिहिलं काय, तर तिन्हींपुढे एकच शब्द, धूर. दुसऱ्या दिवशी फराळाचा चिवडासुद्धा धड कळेना.

मग नीट ठरवलं. जळगावात सराफी काम करणारा एक मित्र आहे, त्याच्याकडून जुना छोटा काटा आणला, सोन्याचा. प्रत्येक बाऊलला मोजून २ ग्रॅम. गॅविथवाली तंबाखू वर्तमानपत्रावर पसरून दोन तास, आपली हिवाळ्याची हवा कोरडी असते तेवढं पुरतं, पीटरसनवाली वीस-पंचवीस मिनिटं. चिमटीत दाबून सोडली की चिकटून न राहता हळूहळू उलगडली पाहिजे, तेव्हा भरायची. भरताना खालचा थर पोराच्या हाताने, मधला बाईच्या हाताने आणि शेवटचा बाप्याच्या हाताने अशी जुनी म्हण पाईपवाल्यांत आहे, ती खरी आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास, जेवणाच्या आधी, शेजारी कोरा चहा बिनसाखरेचा आणि पाणी. धुराच्या दोन घोटांमध्ये चांगलं थांबायचं, पाईप विझला तर विझू द्यायचा, परत पेटवायचा, त्यात काही कमीपणा नाही. धूर तोंडात घोळवायचा आणि त्यातला थोडा, अगदी थोडा, नाकातून सोडायचा. हे शेवटचं महत्त्वाचं कारण चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं बरंचसं नाकच सांगतं.

असे प्रत्येकाचे पाच पाच बाऊल केले, आठवड्याला दोन. एका शनिवारी भरीत पार्टीवरून आलो आणि तसाच बसलो, तो दिवस वाया. कळण्याची भाकरी, बडगीत ठेचलेलं भरीत, हिरवी मिरची, कांद्याची पात एवढं पोटात गेल्यावर जीभ पुढे काही सांगत नाही.

अर्ली मॉर्निंग पाईपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, ती सरळ आहे. चौघांत सगळ्यात हलकी, धूर मागे, व्हर्जिनियाचा गवतासारखा ताजा गोडवा पुढे, आणि ओरिएंटलची एक आंबूस रेघ मधून मधून. थंडीत सकाळी चहाबरोबर हिलाच ओढायला हवं होतं, नावच ते, पण माझा नियम संध्याकाळचा. पाचही वेळा सारखीच लागली, बदल नाही.

नाईटकॅप वेगळ्याच वजनाची. तिच्यात तीन पानांच्या जोडीला चौथं पान आहे, पेरीक. हे अमेरिकेत लुईझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात करतात, पानं लाकडी पिंपात दाबून त्यांच्याच रसात महिनोन् महिने आंबवत ठेवतात, आपल्या लोणच्यासारखं. चव मनुक्याची, अंजिराची, आणि नाकातून धूर सोडला की काळ्या मिऱ्याचा ठसका. मला विचाराल तर वाळवलेल्या मोहफुलांच्या पोत्यात तोंड घातल्यावर जो जड गोड आंबूस वास येतो, त्याच्या जवळ जाणारी. नाईटकॅपमध्ये लटाकिया भरपूर आहे पण मला ती पेरीकच्या सावलीत वाटली. आणि निकोटीन चांगलंच आहे, पहिल्या वेळी उपाशीपोटी ओढली आणि उठताना गरगरलं, नंतर दोन बिस्किटं खाऊनच बसायचो. लटाकिया काळीकुट्ट असते म्हणून लोकांना वाटतं डोकं तीच फिरवते, पण लटाकियात आणि ओरिएंटलमध्ये निकोटीन तसं कमी, जोर येतो तो बाकीच्या पानांचा.

खरी गंमत स्क्वॉड्रन लीडर आणि स्किफची. एका डब्यावर जुनं दोन पंखांचं विमान, दुसऱ्यावर शिडाची होडी, आत दोन्हीत तेच, व्हर्जिनिया, तुर्की, लटाकिया. दोन ताटल्यांत शेजारी शेजारी पसरली तर मलाही सांगता येईना कुठली कुठली. तपकिरी, पिवळसर, काळे धागे, कातरण बारीक. पहिले दोन दोन बाऊल झाले तरी वहीत दोन्हींपुढे जवळपास तीच वाक्यं. चामडं, धूर, थोडा गोडवा. मला वाटायला लागलं एकच माल दोन डब्यांत भरलाय.

त्याच दरम्यान दोंडाईच्याचे जिभाऊ आले. मिरचीचा व्यापार, चाळीस वर्षं मिरचीच्या पथारींवर उभे राहून नाकाने माल ठरवणारा माणूस. पूर्वी तंबाखू मळायचे, आता सगळं सोडलंय, पण नाक शाबूत. मी त्यांना म्हणलं जिभाऊ, ओढू नका, नुसता वास घ्या आणि मला सांगा. चार वाट्या समोर ठेवल्या, नावं नाहीत. पहिल्याच वाटीला म्हणाले, “हाऊ तं चुल्हाना धूर शे भो.” मग चारही वाट्या दोनदा दोनदा हुंगल्या, मध्ये स्वतःच्याच सदऱ्याच्या बाहीचा वास घेत होते, ते का असं विचारलं तर म्हणे नाक धुवायला. नाईटकॅप बाजूला काढली, म्हणे यात काहीतरी कुजवलेलं आहे पण चांगलं कुजवलेलं. अर्ली मॉर्निंग बाजूला काढली, म्हणे हे हिरवं आहे. आणि मग उरलेल्या दोन वाट्या हातात घेऊन म्हणाले, “ह्या दोन्ही भाऊ भाऊ शेतस, पन ह्यामा दगडफूल जास्ती पडेल शे.”

उजव्या हातात स्किफ होती.

दगडफूल म्हणल्याबरोबर माझ्या डोक्यात काहीतरी सुटलं. काळ्या मसाल्यात दगडफूल वेगळं दाखवता येत नाही, तिखट नाही, गोड नाही, पण ते घातलं नाही तर मसाला पोकळ लागतो. मी इतके दिवस धूर मोजत होतो, कुणात जास्त कुणात कमी. धुराच्या मागे बघतच नव्हतो.

मग सुटी पाकिटं काढली. आधी नुसती लटाकिया ओढली, २ ग्रॅम, पाचव्या पाईपमध्ये. वाटलं होतं की आग लागेल तोंडात, तर उलटंच. एकदम थंड, सपक, कोरडी. साखर जवळपास नाहीच त्यामुळे गोडवा नाही, भरीवपणा नाही, अर्ध्या बाऊलनंतर ओढावीशी वाटेना. भरीत म्हणून नुसती काळी साल खाल्ल्यासारखं. धुराचा तो वास येतो लाकूड जळताना तयार होणाऱ्या फिनॉलांमुळे, ग्वायाकॉल वगैरे, पाईनच्या धुरावर वाळवलेल्या लापसांग चहातही तेच असतं. म्हणजे लटाकिया सगळ्या डब्यांत ओळखू येते ती म्हणूनच, तिचा आवाज मोठा आहे आणि सगळीकडे तोच आहे.

पुढच्या रविवारी नुसती इझमिर. पान हातात घेतलं तर तळहाताएवढंही नसावं असं वाटलं, तुकडेच होते पण शिरा इतक्या बारीक. रंग हरभऱ्याच्या डाळीसारखा पिवळट. पेटवली आणि पहिल्या दोन घोटांत काहीच नाही, गवत जळल्यासारखं. मी जोरात ओढत नव्हतो, जीभ अजून पाडव्याचं विसरली नव्हती. साधारण पाव बाऊल जळाल्यावर, धूर थंड असताना, जिभेच्या दोन्ही कडांना आंबट आलं. लिंबाचं आंबट नाही, ताकाचं नाही. मी कृषी केंद्र चालवतो, अर्धं आयुष्य शेतात फिरण्यात गेलं, त्यामुळे हे मला लगेच सापडलं, ही हरभऱ्याची आंब होती. डिसेंबरात पहाटे हरभऱ्यातून चालत गेलं की पायाला जे खारट आंबट दव लागतं, बोट पुसून चाटलं तर जिभेच्या कडा आकसतात, फडकं फिरवून पिळून ती आंब औषधाला ठेवतात, ती. मागाहून थोडा ऊद, थोडं वाळलेलं फूल.

आणि ही तुलना नुसती माझी कल्पना नाही, कारण दोन्हीकडे काम एकाच गोष्टीचं आहे. हरभऱ्याच्या पानावर बारीक केस असतात, त्या केसांतून ते आम्ल पाझरतं. ओरिएंटल तंबाखूच्या पानावरही तसेच चिकट केस असतात, त्यांच्या चिकात साखर आणि आम्लं बांधलेली संयुगं असतात, आणि पान सुकताना, मुरताना आणि जळताना त्यातली आम्लं सुटी होतात. ती आंबूस, थोडी जुन्या चामड्यासारखी, थोडी चीजसारखी चव तिथूनच येते. शिवाय हे पीक कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत, खत फारसं न देता घेतात, पान लहान राहतं आणि चीक दाट होतो. कोरडवाहू शेत बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आपली मेहरूणची बोरं आठवून बघा.

एवढं हातात आल्यावर मी परत त्या दोघी भावंडांकडे गेलो, आणि आता ऐकू यायला लागलं. स्क्वॉड्रन लीडरमध्ये धूर आणि गोडवा एकमेकांना धरून चालतात, ओरिएंटल आहे पण तो मधला दुवा आहे, पुढे येत नाही. गोल, गुळगुळीत, शेवटपर्यंत एकसारखी. स्किफमध्ये पहिला एक तृतीयांश हिस्सा तसाच, पण अर्ध्यावर आली की कडांना ती आंब येते, मग ऊद येतो, आणि बाऊलच्या तळाशी लाकूड, देवघरातल्या जुन्या चंदनाच्या खोडाचं. मधेच पुन्हा गोड होते. तीच तीन पानं, तेच गाव, तरी एक सरळ रस्ता आणि एक घाटाचा. कंपनी प्रमाण छापत नाही त्यामुळे माझ्या जिभेवरच सांगतो, स्किफमध्ये ओरिएंटलचा हिस्सा मोठा असावा.

हे तपासायला मग मिसळून बघितलं. सोन्याचा काटा इथे खरा कामाला आला. १.८ ग्रॅम स्क्वॉड्रन लीडर आणि ०.२ ग्रॅम इझमिर, तासभर डबीत एकत्र ठेवली आणि ओढली. अर्ध्या बाऊलपर्यंत आली आणि कडांना तीच आंब! डोळे मिटून दिली असती तर मी स्किफच म्हणलो असतो. पुढच्या आठवड्यात उलटं केलं, अर्ली मॉर्निंगमध्ये ०.२ लटाकिया, मग ०.४ लटाकिया. माझ्या जुन्या हिशोबाने ती आता स्क्वॉड्रन लीडरच्या शेजारी जायला हवी होती. नाही गेली. अर्ली मॉर्निंगच राहिली, फक्त धुरात उभी असलेली. लटाकिया वाढवून तुम्ही त्याच खोलीत जास्त धूर करता. ओरिएंटलची चिमूट टाकली की खोलीच बदलते.

ज्यांना हे चार डबे सारखे लागतात त्यांना मी खोटं म्हणत नाही, मलाही लागले. पण बहुतेक वेळा आपण गरम ओढतो. पाईप तापला की ओरिएंटलचं जे बारीक काम आहे ते सगळं जळून जातं आणि उरतो तो धुराचा मोठा आवाज, तो सगळ्यांत एकच. पाईप गालाला लावला तर कोमट लागला पाहिजे, लावून ठेवता आला पाहिजे, एवढी एक खूण पाळली तरी पुष्कळ फरक कळतो. नाईटकॅपचं सुद्धा हळू ओढल्यावरच समजलं की पेरीकच्या मागे ओरिएंटल आहे, शेवटच्या पाव बाऊलला, एखाद्या मिनिटासाठी.

शेवटी बायकोला मध्ये घातलं. तिला धुराचा वास आवडत नाही, मी गच्चीत बसतो तेव्हा ती दार लावून घेते, पण हा प्रकार तिने मन लावून केला. मसाल्याच्या चार स्टीलच्या डब्या घासून वाळवून घेतल्या, प्रत्येकीच्या बुडाला वेगळ्या रंगाची टिकली चिकटवली, कुठली टिकली कुठल्या तंबाखूची ते कॅलेंडरच्या मागे लिहिलं आणि मला हात लावू दिला नाही. भरायलाही तीच, मी फक्त ओढायचं, दिवे कमी करून, त्याच मोकळ्या पाईपमध्ये, एका दिवशी एकच. पहिली फेरी चार बाऊलची. नाईटकॅप तिसऱ्या घोटाला ओळखली. अर्ली मॉर्निंगही बरोबर. स्क्वॉड्रन लीडरला मी स्किफ म्हणलो आणि स्किफला स्क्वॉड्रन लीडर. दोन्ही वेळा मी बाऊल अर्धा व्हायच्या आत बोललो होतो. बायको म्हणाली, अहो तुम्हाला घाई असते, संपू तरी द्या. दुसऱ्या फेरीत शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. हिरवी टिकली, अर्ध्यानंतर आंब आली, ऊद आला, तळाला चंदन आलं, पाईप झटकून बाजूला ठेवला आणि म्हणलं स्किफ. तिने कॅलेंडर उलटं करून दाखवलं. मला त्या संध्याकाळी जो आनंद झाला तो मी शब्दात नीट सांगू शकत नाही, लहानपणी इंजिनाच्या शिट्टीवरून गाडी ओळखली की व्हायचा तसा.

होळीनंतर आमच्याकडे काही खरं नसतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ अंशाच्या आसपास ऊन, डबा उघडा राहिला तर तंबाखू दोन दिवसांत पापडासारखी मोडते, माझी एक मागे तशी गेली होती. तेव्हा ती परत आणायला वाटीवर ओलं फडकं घट्ट बांधून रात्रभर ठेवली, ओढता आली पण आंब गेली ती गेलीच. म्हणून या वेळी मार्च संपायच्या आत उरलेली सगळी काचेच्या छोट्या बरण्यांत दाबून भरली, रबराचं झाकण, वर पट्टी लावून नाव आणि तारीख, आणि दिवाणाखाली अंधारात. लटाकिया वर्षानुवर्षं ठेवली की तिचा धूर मवाळ होत जातो असं जुने लोक सांगतात, व्हर्जिनिया मात्र गोड होत जाते. स्किफची एक बरणी त्यासाठी न उघडता ठेवली आहे, बघू.

भाच्याचा परवा फोन आला, मामा या दिवाळीला काय आणू, नवीन चार डबे आणू का. त्याला म्हणलं नवीन काही नको. स्किफचे दोन आण, आणि त्या सुट्या इझमिरचं पाकीट आण, मिळाली तर झांथी पण आण, २५ ग्रॅम पुरे. जिभाऊंना दोन्ही वाट्या शेजारी शेजारी ठेवून द्यायच्या आहेत.